आरमाराचा इतिहास, मुक्काम जबलपूर

आमच्या ऑफिसात जमिनीला डेक म्हणतात. चहा उकळतो त्या खोलीला गॅली म्हणतात. आणि गेटबाहेर पडायचं असलं की 'किनाऱ्यावर जाणं' म्हणतात. नौदलाची ही रीतच आहे. इमारत जमिनीवर असली तरी ती जहाज समजायची. मुंबईला किंवा विशाखापट्टणमला ते शोभून दिसत असेल, तिथे खिडकीतून निदान पाणी तरी दिसतं. आमच्या खिडकीतून एक पंक्चरचं दुकान दिसतं आणि त्याच्या मागे जबलपूरचे काळे खडक. इथून कुठल्याही बाजूचा समुद्र गाठायचा तर रात्रभर रेल्वेत झोपावं लागतं.

गेटवरचा गार्ड सिहोऱ्याहून रोज बसने येतो. नर्मदेपेक्षा मोठं पाणी त्याने पाहिलेलं नाही. मी समोरच्या टपरीवर चहाला निघाले की तो अगदी गंभीर चेहऱ्याने विचारतो, "मॅडम जी, किनारे जा रही हैं?" नोकरीला लागले तेव्हा मला याचं फार हसू यायचं. पुढे पुढे हसू येईनासं झालं, नंतर राग यायला लागला. कुठला किनारा? चहा पिऊन मला परत याच डेकवर यायचं असतं.

आमचं ऑफिस तसं लहान. जबलपूरच्या कारखान्यांत जहाजांसाठी जे लोखंडी सामान तयार होतं ते तपासायचं आणि जहाजावर चढल्यानंतर त्याची देखभाल कशी करायची, याचे नियम लिहून पाठवायचे. नियम लिहिण्याचं काम माझं. कुठल्या बोल्टला कुठलं ग्रीस, खारी हवा लागली तर काय, लाटांचे हेलकावे बसले तर काय, हे सगळं मी इथे पंख्याखाली बसून लिहिते. जहाजावर चढायची वेळ आली की पुरुषांना पाठवतात. "वहाँ सीढ़ियाँ बहुत हैं मॅडम," असं मला प्रत्येक साहेबाने सांगितलं आहे. साहेब दोन-तीन वर्षांनी बदलतात. ते समुद्रावरून येतात, इथली मुदत शिक्षेसारखी काढतात आणि समुद्रावर परत जातात. आम्ही मागे राहतो आणि नव्या साहेबासाठी हार आणतो.

माझा जन्म इथल्याच कारखान्याच्या क्वार्टरमधला. शाळा इथली, कॉलेज इथलं, नोकरी इथली. बाबा तोफांचे गाडे बनवणाऱ्या कारखान्यात होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कॉलनीत मी अजून 'उनकी बिटिया' आहे. पन्नाशी उलटलेली बाई असून भाजीवाला मला बिटिया म्हणतो. लोकांना यात माया दिसते. मला घुसमटायला होतं, आणि हे मी कुणाला सांगू शकत नाही, कारण तक्रार करण्यासारखं त्यात काहीच नाही.

बाबांनी आयुष्यात एकदाच समुद्र पाहिला आणि तिथे आपली फजिती करून घेतली. त्यांच्या कारखान्यात बनलेला तोफेखालचा एक सांगाडा जहाजावर बसवायला चार जणांची टोळी विशाखापट्टणमच्या गोदीत गेली होती. बाबा टोळीचे प्रमुख. जबलपूरला जसं करत तसंच त्यांनी तिथे केलं. स्पिरिट लेव्हल ठेवली, नळीतला बुडबुडा बरोबर मध्यावर आणला आणि बोल्ट आवळले. जेवून आले तर बुडबुडा एका बाजूला गेलेला. बोल्ट सैल केले, पुन्हा मध्यावर आणला. सकाळी येऊन बघतात तर दुसऱ्या बाजूला. दोन दिवस हा खेळ चालला. जहाज पाण्यावर तरंगतंय, एका टाकीत पाणी भरलं तरी ते जरासं कलतं, हे त्या जमिनीवरच्या माणसांच्या ध्यानातच आलं नाही. शेवटी गोदीतल्या दुरुस्ती विभागातला एक तरुण सुपरवायझर न हसता म्हणाला, "काका, इथे जमिनीला विसरायचं. जहाजाची स्वतःची एक रेघ आखलेली असते, तिच्याशी जुळवून घ्यायचं."

बाबा घरी आले ते दोन गोष्टी घेऊन. एक ही फजिती आणि दुसरं, त्याच सुपरवायझरचं स्थळ. "पोरगा आपल्यातला आहे, रत्नागिरीकडचा," ते आईला म्हणाले. "मी दोन दिवस बुडबुडा मध्यात आणून राहिलो होतो, त्यानं एका शब्दात काम केलं. अन् हसला नाही, हे मोठं." मी आतून ऐकत होते आणि हसत होते. "तू काहून हसून राहिली?" आई म्हणाली. महिनाभरात लग्न ठरलं.

लग्न झालं तरी मी इथेच राहिले. पक्की सरकारी नोकरी कुणी सोडतं का, असं सगळ्यांचं म्हणणं. पती-पत्नी दोघेही केंद्र सरकारात असले तर एका गावी बदली मिळते, असा नियम आहे. तो दाखवून अर्ज करायचा, मिळेल आज ना उद्या. मी अर्ज करत राहिले. मुलगा झाला, आईबाबांच्या अंगाखांद्यावर वाढला, शिकून पुण्याला नोकरीलाही लागला. त्याला मराठी सगळी कळते, पण तो बोलतो हिंदी. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "मम्मी, आप बस निकल आओ वहाँ से." जसं काही मी बॅग उचलायचा आळस करत होते.

नवरा वर्षातून दोनदा यायचा, मी सुट्टीत एकदा जायचे. समुद्र मी पाहिला तो असा, वाळूत बसून, भेळ खात, चार दिवस पाहुणीसारखा. गोदीच्या आत मला जाता यायचं नाही, तिथे पास लागतो. मग तो संध्याकाळी फोनवर आतल्या गोष्टी सांगायचा. जहाज कोरड्या गोदीत येतं, मागे गोदीचा दरवाजा बंद होतो, पाणी उपसून टाकतात आणि ते अवाढव्य धूड लाकडी ठोकळ्यांवर बसतं. मग त्याच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, गंजलेला पत्रा कापायचा, जहाज ढकलणारा पंखा उतरवायचा. महिनोन् महिने काम चालतं. "आणि काम झालं की?" मी प्रत्येक वेळी विचारायचे, मला माहीत असलं तरी. "मग पाणी आत सोडतात," तो म्हणायचा. "पाणी चढत जातं. एका क्षणी जहाज ठोकळ्यांवरून सुटतं. आवाज येत नाही गं. नुसतं आतल्या माणसांना पायाखाली कळतं." मला ते पाहायचं होतं. मी ज्याच्याबद्दल इतकी वर्षं लिहीत आले, ते ठोकळ्यांवरून सुटताना मला पाहायचं होतं, शक्य झालं तर आत उभं राहून.

आणि दोन वर्षांपूर्वी आदेश आला. विशाखापट्टणमच्या गोदीत, देखभालीच्या नियोजन विभागात माझी बदली. टेबलाशी बसून मी तो तीनदा वाचला आणि भर ऑफिसात मला रडू फुटलं. गार्डपर्यंत बातमी गेली, तो म्हणाला, "बधाई हो मॅडम जी, अब असली किनारे जाइए."

पण सरकारी नोकरीत बदलीचा आदेश म्हणजे अर्धंच काम. साहेबाने 'हिला सोडलं' अशी सही केल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही. याला रिलीव्ह करणं म्हणतात. त्या सहीसाठी माणसं वर्षानुवर्षं ताटकळलेली मी पाहिली होती, आता माझी पाळी आली. त्याच सुमारास वरून फर्मान आलं की ऑफिसांची फेररचना होणार आहे; आमचं ऑफिस दुसऱ्यात मिसळणार, तेव्हा सगळं विस्मरणात जाण्याआधी नौदलाच्या जहाजबांधणी आणि देखभाल प्रशासनाचा इतिहास लिहून द्या. साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. हसतमुख, सगळ्यांची विचारपूस करणारा. "मॅडम, आपकी भाषा अच्छी है. ये इतिहास पूरा कर दीजिए, उसी दिन छोड़ दूँगा. मेरा वचन है."

मी म्हटलं, चलो, तीन-चार महिन्यांचं काम. स्वतःला कामाला जुंपून घेतलं. स्वतंत्र भारताने पहिली लढाऊ जहाजं आपल्याकडे बांधायला घेतली तिथपासून सुरुवात केली आणि पहिलं प्रकरण दिलं. साहेबांना आवडलं. म्हणाले, जरा मागे जाऊ, इंग्रजांच्या गोदीपासून. तेही केलं, सागवानाची जहाजं, मुंबईचे पारशी कारागीर, सगळं. तेव्हा मुख्यालयातला कुणीतरी व्हिडिओ कॉलवर म्हणाला, परक्यांपासून सुरुवात बरी दिसत नाही. साहेब माझ्याकडे वळले, "मॅडम, आप तो मराठी हैं, मराठा आरमार डालिए ना!" मग मी गलबतं आणि गुराबा घेऊन कोकणच्या खाड्यांमध्ये शिरले. ते संपलं तर साहेबांच्या वाचनात काहीतरी आलं आणि प्राचीन काळच्या नौका हव्या झाल्या. इतिहासाची सुरुवात जितकी मागे जायची, तितकी माझी सुटका पुढे ढकलली जायची. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, उन्हाळ्यात कूलरमध्ये वाळा घालून बसले आणि सिंधू संस्कृतीतल्या गोदीवर परिच्छेद लिहिले. तिकडून गोदीचा फोन यायचा, "मॅडम, कधी जॉइन होताय?" मी म्हणायचे, लोथलपर्यंत आले आहे. त्यांना वाटायचं, मी ट्रेनमध्ये आहे.

चिडचिड व्हायची, पण खोटं कशाला बोलू, मला त्या कामाने धरून ठेवलं. जितकं वाचलं तितकं एकच भांडण दिसत गेलं. जहाज बांधणारे एका बाजूला, सांभाळणारे दुसऱ्या. बांधणारे म्हणतात, आम्ही चांगलं चालतं जहाज हातात दिलं होतं, यांनी वाट लावली. सांभाळणारे म्हणतात, तुम्ही पंप अशा कोपऱ्यात बसवलाय की तिथे माणसाचा हात पोचत नाही. या भांडणातूनच सगळे विभाग जन्मले, फुटले आणि पुन्हा जोडले गेले. जहाज पाण्यात सोडायचा समारंभ असतो तेव्हा मांडवात सगळे बांधणारे असतात. पुढे तीस वर्षं त्या जहाजाचं दुखणंखुपणं काढणाऱ्यांना कुणी आमंत्रण देत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात आली. या एवढ्या इतिहासात बाई येते ती एकाच ठिकाणी. जहाज पाण्यात सोडताना नारळ बाईच्या हातून फोडतात, कुणा मोठ्या माणसाच्या बायकोच्या. ती नारळ फोडते, जहाज घसरत पाण्यात जातं आणि बाई मांडवात परत येऊन बसते. हे वाक्य मी लिहिलं होतं. साहेबांनी पेन्सिलीने बाजूला लिहिलं, 'सुंदर निरीक्षण', आणि ते काढून टाकलं. बाबांच्या बुडबुड्याची गोष्ट मात्र त्यांनी ठेवली. त्यांना ती फार आवडली होती.

या दिवाळीनंतर इतिहास पुरा झाला. शेवटचं प्रकरण मी टाइप केलं, सगळं बांधून साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. पोर बक्षिसासाठी उभी राहते तशी, हे आठवलं की आता मलाच माझी लाज वाटते. त्यांनी दोन दिवस मागितले.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत खोव्याच्या जलेबीचा डबा उघडून ठेवलेला. सगळा स्टाफ गोळा झालेला. साहेब उभे राहून म्हणाले की असा इतिहास एकाही ऑफिसने दिलेला नाही, मुख्यालय खूश आहे, आणि नव्या रचनेत अशी जाणकार व्यक्ती जबलपूरहून हलवणं कुणालाच परवडणार नाही. माझ्या हातातली जलेबी तशीच राहिली. "अरे, घबराइए मत," ते हसून म्हणाले, "आपकी समस्या का भी इलाज कर दिया है. देखिए, जहाज वर्कशॉप तक नहीं आ सकता, तो हम वर्कशॉप को जहाज तक ले जाते हैं. बीस साल यही किया है मैंने." माझ्या नवऱ्याची बदली त्यांनी जबलपूरला करून घेतली होती, आमच्याच ऑफिसात. तिकडच्या अधिकाऱ्यांशी ते स्वतः बोलले होते, नवऱ्याशीही बोलले होते. पती-पत्नी एका गावी आले, नियम पाळला गेला, आणि माझा आदेश, ज्याचं कारणच आता उरलं नव्हतं, रद्द झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सफाईवाली दीदी माझ्या गळ्यात पडली. "अब तो भाभी जी, सब अच्छा ही अच्छा."

मी किनाऱ्यावर जायची परवानगी मागितली, आणि टपरीमागच्या भिंतीशी उभं राहून नवऱ्याला फोन लावला.

"कळलं का?" तो खुशीत होता. "पंधरा दिवस पोटात ठेवलं मी. साहेबांनी शपथ घातली होती, तुला सरप्राइज द्यायचं म्हणून."

"तुम्ही हो म्हणालात?"

"मग? अगं, शिड्या चढून गुडघे गेले माझे. मेसचं जेवून कंटाळलो. आणि तू एवढी वर्षं अर्ज करत्येस, मला काय दिसत नाही होय?"

मी काही बोलले नाही. तो म्हणाला, "आवाज कट होतोय," आणि फोन ठेवला.

रद्द झालेला आदेश फिरवता येईल का, हे मी विचारून पाहिलं. नवरा जबलपूरला असताना विशाखापट्टणम कशासाठी हवं, असं आस्थापनेच्या माणसाने मला विचारलं. अगदी सरळ प्रश्न होता. अर्जात पती-पत्नी हे कारण चालतं, आईवडिलांचं आजारपण चालतं. मला जहाज पाहायचं आहे, हे कारण कुठल्या रकान्यात लिहायचं? "कुछ झगड़ा-वगड़ा है क्या घर में?" त्याने आवाज खाली करून विचारलं. मी नाही म्हणाले आणि उठून आले.

नवऱ्याची गाडी दुपारी आली. एक ट्रंक, दोन बॅगा आणि गळ्यात मफलर. जबलपूरच्या थंडीची त्याला सवय नाही. फलाटावर त्याने चार माणसांत माझा हात धरला, जे त्याने आधी कधी केलं नव्हतं. ऑटोत बोलत होता, तिलवाऱ्याच्या घाटावर जाऊ रविवारी, भेडाघाटला जाऊ, आता मोकळा वेळच वेळ. मी हं हं करत होते. घरी आलो, मी चहा ठेवला, त्याने कपाला हात लावला नाही.

"तुला आनंद झालेला नाही," तो म्हणाला.

मी सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. माणूस एवढी नोकरी, एवढी माणसं सोडून माझ्यासाठी आला होता. पण गेली दोन वर्षं साठलेलं सगळं बाहेर आलं. मला तिकडे यायचं होतं. मला इथून निघायचं होतं, या कॉलनीतून, या बिटियातून. मला गोदी पाहायची होती, ते जहाज सुटताना पाहायचं होतं. मी ओरडले की रडले मला आठवत नाही. शेजारणीने खिडकी लावून घेतली एवढं आठवतं.

तो म्हणाला, "मला वाटलं तुला माझ्याकडे यायचं आहे."

"तेही होतं."

"मला एकदा सांगायचंस."

"तुम्ही मला एकदा विचारायचंत."

ज्याच्यावर चिडायचं तो समोर चहा न पिता बसला होता, आणि त्याने माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. साहेबांनीही केलेलं नव्हतं. सगळ्यांनी माझं भलंच केलं होतं. थोड्या वेळाने तो उठला, गुडघ्यावर हात टेकून, ट्रंक आतल्या खोलीत ओढत नेली. पट्टे सोडल्याचा आवाज आला.

"उद्या जॉइन व्हायचंय, शर्ट काढून ठेवतो," तो आतून म्हणाला. "कुठलं कपाट रिकामं आहे?"

"माझं," मी म्हणाले. ते मी दिवाळीतच रिकामं करून ठेवलं होतं.